चाळीस गुणांचा भूगोल

२३ मार्च २०२० ला महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर होता. तो झालाच नाही. कोरोनामुळे आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्द केला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देऊन टाकले. वेळच तशी होती, निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर घराघरांत जे ऐकू आलं त्याबद्दल. "बरं झालं, भूगोलच राहिला होता," असं नात्यातल्या, शेजारच्या कितीतरी पालकांनी मला सांगितलं. मी भूगोल शिकवते हे माहीत असून सांगितलं. गणित राहिलं असतं तर त्याच घरांत कुणाला झोप लागली नसती.

त्या वर्षी दहावीला असलेली सांगलीची मुलं आठवून पाहा. पेपरच्या सात महिने आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ज्यांची दप्तरं माळ्यावर चढवली गेली, ती ही मुलं. गावभागातली, मारुती चौकातली, दत्तनगरातली कुटुंबं विश्रामबागेतल्या नातेवाइकांकडे आठ-आठ दिवस राहिली. इशारा ४० फुटांना, धोका ४५ फुटांना हे या मुलांचं तोंडपाठ झालं होतं. कोयनेतून किती सुटलं, वारणा किती चढली, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पुढे किती जातंय हे आकडे ती मोबाइलवरून एकमेकांना पाठवत होती. पाणलोट क्षेत्र, विसर्ग, संगम, फुगवटा (म्हणजे पुढे अडून मागे चढणारं पाणी) हे शब्द त्यांना कुणी शिकवावे लागले नाहीत. आणि शाळेच्या हिशेबात हे सगळं मिळून चाळीस गुणांचं.

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी बावीस वर्षं भूगोल शिकवते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की सातारा-सांगलीसारख्या मुलखात विद्यापीठातला भूगोल हा उरलासुरला विषय असता कामा नये. इथल्या पाण्याचा, दरडींचा, दुष्काळाचा अभ्यास इथल्या महाविद्यालयांनी करायला हवा. परदेशी शिकायला जाण्याची वाटसुद्धा त्याच अभ्यासातून निघते. आज या दोन्ही गोष्टी आपण एकमेकींपासून तोडून ठेवल्या आहेत, आणि दोन्हीकडे मुलांचं नुकसान होतं आहे.

प्रथम वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी विचारते, भूगोल का घेतला? "प्रॅक्टिकलचे मार्क मिळतात, मॅडम." "एमपीएससीला उपयोगी पडतो." "बाकीचे विषय फुल्ल होते." या उत्तरांना मी हसत नाही. दुष्काळी जतवरून पहाटेच्या एसटीने येणारी मुलगी उद्याच्या पोटाचा विचार करून विषय घेते, यात तिचं काही चुकत नाही. चुकतं ते आमचं. तीन वर्षं ती आमच्याकडे असते आणि तेवढ्या काळात तिच्या तालुक्याचा नकाशा तिच्या हातात कधी येत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे तपशीलवार नकाशे, २०१७ पासून घरबसल्या फुकट उतरवून घेता येतात. तरी अजून कित्येक ठिकाणी प्रात्यक्षिकाला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, घड्या पडून विरलेली तीच एक शीट वर्गभर फिरते. मुलं तिच्यावरून जर्नल उतरवतात, सही होते, संपलं.

ही जमीन काय आहे ते तरी पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यातलं दहिवडी आहे, तिथे पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांची ही गोष्ट आहे. जुलै २०२१ मध्ये तर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, म्हणजे दहिवडीला वर्षभरात पडतो त्याहून जास्त. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर डोंगर खाली आला. पर्जन्यछायेची व्याख्या लिहायला दोन गुण असतात. पण एका बाजूला माणच्या टँकरची आणि दुसऱ्या बाजूला आंबेघरच्या दरडीची कारणं एकाच डोंगररांगेत आहेत हे ज्याला उमगलं, त्याला ती व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आणि जगाला हे माहीत आहे. दख्खनच्या पठारावरच्या लाव्हाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी जी नावं दिली, त्यांतल्या वरच्या गटाचं नाव वाईवरून पडलं आहे. त्यातले थर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर या नावांनी ओळखले जातात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीवर जगात कुठेही शोधनिबंध लिहायचा झाला तर ही नावं घ्यावीच लागतात. वाईच्या घाटावर खेळलेल्या किती पोरांना हे माहीत असेल? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होतो का, या प्रश्नाचा अभ्यास जगात जिथे सर्वांत जास्त झाला अशा जागांत कोयना येते. पाटण तालुक्यातल्या गोठण्याला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. सुमारे सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपला आणि खालचा, त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची त्यासाठीची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. ढगांचा अभ्यास करणारी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे. पाटणचा मुलगा भूगोलात पदवी घेतो आणि हजारमाचीच्या दारातून एकदाही आत जात नाही. त्याच्या वर्गाची सहल गणपतीपुळ्याला जाते. सहलीला माझा विरोध नाही, पण क्षेत्रभेटीच्या नावाखाली तिचे गुण देऊ नयेत.

आता संशोधनाकडे येते. 'अमुक तालुक्यातील आठवडी बाजारांचा भौगोलिक अभ्यास', 'तमुक जिल्ह्यातील भूमी उपयोजनातील बदल' अशा विषयांच्या प्रबंधांची आपल्याकडे थट्टा होते. मला ती पटत नाही. आठवडी बाजार हा फार सुंदर विषय आहे. कुठल्या गावाला कुठला वार, कोण किती कोसांवरून येतो, काय विकतो आणि काय घेऊन जातो, यातून अख्ख्या मुलखाची ठेवण कळते. दुखणं निराळंच आहे. प्रबंध लिहिणारा बहुतेक वेळा बाजारात जात नाही. जनगणनेचे तक्ते, जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, त्यावरून काढलेले आलेख, आणि शेवटी 'शासनाने लक्ष द्यावे' असा निष्कर्ष. जनगणना २०११ ची. त्यानंतर ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी कुठल्या कुठे पोचलं, आटपाडीची पीकपद्धती बदलली, आणि आम्ही अजून पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांची टक्केवारी काढत बसलो आहोत.

याच्या उलट काय होऊ शकतं ते मी एकदा पाहिलं. येरळाकाठच्या गावातली एक विद्यार्थिनी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला, जिथे येरळा कृष्णेला मिळते, पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली होती. तिच्या गावापासून ते फार लांब नाही. प्रकल्पासाठी विषय सुचवा म्हणून ती आली, तेव्हा मी तिला म्हटलं, गावातल्या भिंती मोज. तिने तसंच केलं. घरोघर जाऊन २००५ चं पाणी कुठवर आलं होतं, २०१९ चं कुठवर, २०२१ चं कुठवर, हे विचारलं. "हितं, ह्या खुंटीपतूर आलतं बघ," असं आजी सांगायच्या आणि ही भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची. दोन घरांत दोन गोष्टी सांगितल्या गेल्या की तिसऱ्या घरी विचारायचं. मंदिराची पायरी, शाळेचा व्हरांडा, विजेचा खांब असं करत तीसेक ठिकाणं झाली. महाविद्यालयाची जुनी डम्पी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, आम्ही दुरुस्त करून घेतली आणि त्या खुणांची उंची काढली. मग तो नकाशा पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषांशेजारी ठेवून पाहायचा होता. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या.

इथे गाडी अडली. जुन्या पाणीपातळीच्या रोजच्या नोंदी मिळाव्यात म्हणून तिने एका कार्यालयात अर्ज दिला. पाच वेळा गेली. एकदा साहेब रजेवर, एकदा फाईल दुसऱ्या टेबलावर, एकदा "तुम्हाला कशाला पाहिजे?" पुराच्या दिवसांत तासातासाला जाहीर होणारे आकडे पाणी ओसरल्यावर गुप्त का होतात, हे मला आजही कळलेलं नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध मोठ्या प्रमाणात उठवले. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची चित्रं २००८ पासून सगळ्या जगाला फुकट आहेत. युरोपच्या सेंटिनेलची फुकट आहेत. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. अवकाशातून काढलेलं माझ्या गावाचं चित्र मला मिनिटभरात मिळतं, पण गावाजवळच्या पुलावरची नोंद मिळवायला मुलीला पाच हेलपाटे घालावे लागतात.

याचा तोटा फक्त त्या मुलीचा झाला असं कुणी समजू नये. अलमट्टीचंच घ्या. पाणीसाठ्याची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची की नाही हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही, आणि पूरग्रस्तांच्या बाजूने लढणाऱ्या कार्यकर्त्यांना ते पटलं नाही. मी इथे कुणाची बाजू घेत नाही. पण ज्या शहराच्या जिवाचा हा प्रश्न आहे, त्या शहराकडे स्वतः गोळा केलेली, तपासलेली, सलग पंचवीस वर्षांची पूरखुणांची नोंद आहे का? दर वेळी एक अहवाल बाहेरून येतो आणि आपण तो नाकारतो किंवा डोक्यावर घेतो. तो तपासून पाहणारे आपल्यात किती आहेत? सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, २००५ च्या पुरात गेली. ती नेमकी कुठे होती, किती होती, कुठल्या मातीत होती हे सांगणारे म्हातारे आता एकेक करून कमी होत चालले आहेत. त्यांना विचारून घ्यायला भूगोलाच्या विद्यार्थ्याइतका योग्य माणूस दुसरा कोण?

परदेशाबद्दल बोलायचं तर आधी एक दृश्य सांगते. अलीकडे आमच्या भागात हॉटेलांच्या हॉलमध्ये परदेशी शिक्षणाचे मेळावे भरतात. भूगोल झालेला मुलगा आणि त्याचे वडील तिथे जातात आणि कुठल्यातरी भलत्याच विषयाच्या एक वर्षाच्या पदवीचा कागद घेऊन बाहेर पडतात. फी भागवायला रान गहाण पडतं. त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं की युरोपच्या इरास्मस मुंडस योजनेत भूस्थानिक तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम म्युन्स्टर, लिस्बन आणि स्पेनमधलं कास्तेयोन या तीन ठिकाणची विद्यापीठं मिळून चालवतात. ज्याला त्या योजनेची शिष्यवृत्ती मिळते त्याला फी तर नाहीच, वर महिन्याला १४०० युरो मिळतात. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, हेही त्याला माहीत नसतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. आणि परदेशच कशाला, पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे मोजणी आणि नकाशांच्या शास्त्राचा, पेपर आहे, कला शाखेच्या मुलांनाही ती परीक्षा देता येते. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एकाही मुलाने आधी ऐकलेलं नव्हतं. या सगळ्या जागा चुरशीच्या आहेत, दरवर्षी आपल्या तालुक्यातून कुणी जाईलच असं मी म्हणणार नाही. पण दार आहे हेच ठाऊक नसेल तर ठोठावणार कोण?

त्या दारावर विचारलं काय जातं, ते मला माझ्या त्याच विद्यार्थिनीमुळे कळलं. ती पुढे नेदरलँड्सला शिकायला गेली. निवडीच्या वेळी तिला विचारलेले प्रश्न तिने मला फोनवर सांगितले. भिंतीवरच्या खुणेची उंची कशावरून मोजली? चूक किती सेंटिमीटरची असू शकते? दोन माणसांनी वेगवेगळी खूण दाखवली तर कुणाचं धरलं? तिची टक्केवारी बेताची होती, इंग्रजी अडखळत होतं. पण या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्या वहीत होती.

नेदरलँड्सचा आणि आपला या विषयातला संबंध जुना आहे. तिथली आयटीसी ही नकाशाशास्त्राची संस्था १९५० मध्ये विलेम स्खेर्मरहॉर्न यांनी सुरू केली. हे गृहस्थ मूळचे भूमापनाचे प्राध्यापक, आणि महायुद्धानंतर काही काळ त्या देशाचे पंतप्रधान. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतल्या लोकांना नकाशे करायला शिकवावं हा संस्थेचा हेतू होता. तिच्याच सहकार्याने १९६६ मध्ये डेहराडूनला जी संस्था उभी राहिली, ती आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था. बाहेर जाऊन शिकणं आणि घरी काहीतरी उभं राहणं यांचा मेळ बसू शकतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

त्या मुलीने तिथे पाहिलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९९५ च्या पुरात डचांना सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध उंच करत राहण्यापेक्षा नदीला जागा मोकळी करून द्यायचं ठरवलं. नायमेखन शहरासमोर लेंट नावाचं गाव आहे. तिथला बांध त्यांनी साडेतीनशे मीटर मागे घेतला, त्यासाठी पन्नासेक घरं हलवली आणि नदीला नवा फाटा काढून दिला. हे वाचून आपल्याकडे कुणी लगेच म्हणेल, चला, सांगलीतही असंच करू. तसं होणार नाही. ऱ्हाइनचं पाणी वाढतंय हे डचांना काही दिवस आधी कळतं. आपल्याकडे कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यात रात्रभर कोसळलं की सांगलीच्या हाती फार वेळ उरत नाही. शिवाय सांगलीत नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटमधलं घर हलवायचं म्हणजे कुणाचं, कुठे आणि कोणत्या भरपाईवर, हे इथलं राजकारण आणि इथली गरिबी समजल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणूनच तिथे जाणाऱ्याने आपली नदी डोक्यात घेऊन जावं असं मला वाटतं. रीत तिथे शिकता येते, उत्तर मात्र कृष्णेच्या काठावरच शोधावं लागतं.

माझे एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणतात, "बाई, हे सगळं ठीक आहे, पण पोरांना नोकरी पाहिजे. आणि जी बाहेर जातात ती परत येत नाहीत." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. महाविद्यालयांत जागा रिकाम्या आहेत आणि नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबत आहेत. त्यांना पाहून कुठला मुलगा भूगोलात संशोधन करायला धजेल? जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम), ड्रोन मोजणी यांत कामं आहेत, पण ती येतात हातात कसब असलेल्याकडे, आणि ते कसब आमच्या जर्नलमधून येत नाही. परत येण्याचं म्हणाल तर मी उलट विचारते, परत येऊन त्याने बसायचं कुठे? सांगली महापालिकेत, दोन्ही जिल्हा परिषदांत, आपत्ती व्यवस्थापनाच्या कक्षात भूगोल आणि नकाशाशास्त्र शिकलेल्यांसाठी कायमच्या जागा काढा, मग तक्रार करा.

नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव सगळ्यांच्या अभ्यासक्रमात घातला आहे, चौथ्या वर्षाला संशोधन ठेवलं आहे. कागदावर आम्हाला हवं होतं ते मिळालं. पण क्षेत्रकामाचा खर्च अजून मुलांच्या खिशातून होतो. दोन दिवस शेजारच्या तालुक्यात राहायचं तर मुलींच्या घरून परवानगी मिळत नाही, कारण राहण्याची धड सोय नसते. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे आहेत. या तीन जिल्ह्यांतल्या भूगोल विभागांनी मिळून पूरखुणा, दरडी आणि विहिरींच्या पातळीची एक सामायिक नोंद ठेवायचं मनावर घेतलं, तर दरवर्षी मोजायला हजारो हात मिळतील. प्रवासखर्च आणि मुलींच्या मुक्कामाची सोय विद्यापीठाने करावी, आकडे खात्यांनी द्यावेत.

या उन्हाळ्यात मी पुन्हा एक अर्ज दिला आहे, या वेळी विभागाच्या शिक्क्यानिशी. आयर्विन पुलावरच्या पातळीच्या, मिळतील तितक्या मागच्या वर्षांपासूनच्या रोजच्या नोंदी मागितल्या आहेत. पूल १९२९ चा आहे, म्हणजे मागण्यासारखं बरंच असणार. पोच मिळाली, उत्तर अजून आलेलं नाही. यंदा तृतीय वर्षाला अकरा मुलं आहेत. त्यांतली चार कृष्णाकाठची आहेत आणि दोघी जतच्या, ज्यांनी पूर कधी पाहिलेला नाही. डम्पी लेव्हल तेल घालून तयार आहे.